मायनिंग रिग : स्वस्त मदरबोर्डचा हिशेब

दादरा-सिल्वासाच्या कारखान्यांत विजेचा दर पाहूनच यंत्रे बसवली जातात. आभासी चलनाच्या मायनिंगचेही गणित तेच आहे. तरी खरेदीचा आरंभ मदरबोर्डपासून होतो. कालांतराने कार्डे वाढवायची असतील, तर बोर्डावर पीसीआय-एक्स्प्रेसच्या खाचा किती, हे प्रथम पाहावे. एसरॉकच्या ‘एच११० प्रो बीटीसी प्लस’वर १३, तर असूसच्या ‘बी२५० मायनिंग एक्स्पर्ट’वर १९ कार्डांची सोय आहे. रायझर लावल्यास लहान एक्स-१ खाचही पुरते. गेमिंगचा महागडा बोर्ड घेणे म्हणजे शुद्ध उधळपट्टी. वापरलेला बोर्ड घेताना सॉकेटच्या पिना वाकलेल्या नाहीत ना, हे अवश्य तपासावे.

मात्र १५ सप्टेंबर २०२२ रोजी इथेरियमने मायनिंग बंद केले आणि ग्राफिक्स कार्डांचा मुख्य आधारच गेला. बिटकॉइनसाठी तर स्वतंत्र एसिक यंत्र लागते. प्रत्येकी १२० वॉटची सहा कार्डे व इतर भाग मिळून ८०० वॉट धरले, तरी महिन्याला सुमारे ५७६ युनिट जळतात. शिवाय आभासी मालमत्तेच्या विक्रीवरील नफ्यावर ३० टक्के प्राप्तिकर आहे. त्यातून मायनिंगच्या यंत्रसामग्रीचा खर्च वजा करता येणार नाही, असे केंद्र सरकारने मार्च २०२२ मध्ये लोकसभेत स्पष्ट केले होते.