रुग्णाच्या खाटेपाशी सोनोग्राफी : फिजिशियनचे नवे शिक्षण

सोनोग्राफी म्हटले की रेडिओलॉजिस्टची अंधारी खोली, आधी घेतलेली वेळ आणि नंतर हाती येणारा अहवाल असाच क्रम डोळ्यांसमोर येतो. परंतु यंत्रे खिशात मावण्याइतकी लहान झाल्यापासून, रुग्णाला तपासणाऱ्या फिजिशियननेच खाटेपाशी प्रोब हाती घेण्याची पद्धत जगभर रूढ होऊ लागली आहे. छातीत पाणी साठले आहे काय, हृदयाचे आकुंचन क्षीण झाले आहे काय, पायाच्या शिरेत रक्ताची गुठळी आहे काय, असे मोजकेच प्रश्न या तपासणीत विचारले जातात. यंत्र आटोपशीर झाले, तरी ते वापरण्याचे कौशल्य मात्र तितक्या सहज हस्तगत होत नाही.

फुफ्फुसाची तपासणी हे याचे उत्तम उदाहरण आहे. हवा ध्वनिलहरी परतवून लावते, म्हणून हवेने भरलेले फुफ्फुस सोनोग्राफीच्या कक्षेबाहेरचे, असे दीर्घकाळ मानले जात होते. फ्रान्समधील अतिदक्षता-तज्ज्ञ डॅनिएल लिश्टेनस्टाइन यांच्या १९९० च्या दशकातील संशोधनाने हा समज मागे पडला. दोन बरगड्यांच्या फटीत प्रोब ठेवला असता निरोगी फुफ्फुसावरणाची चकाकती रेषा श्वासागणिक सरकताना दिसते. फुफ्फुसात पाणी मुरले की त्याच रेषेपासून पडद्याच्या तळापर्यंत न विरता उतरणारे उभे पट्टे उमटतात, आणि एका फटीत असे तीन किंवा अधिक पट्टे दिसणे विकाराचे लक्षण समजले जाते. मात्र असे पट्टे न्यूमोनियातही दिसतात आणि फुफ्फुस घट्ट होत जाणाऱ्या जुनाट विकारातही दिसतात. त्यामुळे ते छातीच्या दोन्ही बाजूंना आहेत काय आणि हृदयाची स्थिती काय, हे पाहिल्याखेरीज निदान करता येत नाही. अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्सने २०२१ मध्ये, अचानक दम लागलेल्या रुग्णाचे निदान अनिश्चित असेल तर नेहमीच्या तपासण्यांच्या जोडीला ही तपासणी करता येईल अशी शिफारस केली. तिची जागा नेहमीच्या तपासण्यांऐवजी नव्हे, त्यांच्या सोबत आहे.

म्हणूनच प्रशिक्षणाचे चार टप्पे मानले जातात : तपासणीची गरज ओळखणे, योग्य प्रतिमा मिळवणे, तिचा अर्थ लावणे आणि त्यावरून उपचार ठरवणे. दोन दिवसांच्या कार्यशाळेत प्रोब धरण्याची ओळख होते. पुढे शिकाऊ डॉक्टरने प्रत्यक्ष रुग्णांच्या प्रतिमा जमवायच्या आणि अनुभवी परीक्षकाने त्यांतील उणिवा दाखवायच्या, ही दीर्घ प्रक्रियाच खरे शिक्षण ठरते.

प्रगत पातळीवर डॉप्लर तंत्राने रक्तप्रवाहाचा वेग मोजावा लागतो. ध्वनिलहरींची दिशा आणि प्रवाहाची दिशा यांत ६० अंशांचा कोन पडला व तो हिशेबात घेतला नाही, तर वेग प्रत्यक्षाच्या निम्माच नोंदला जातो, आणि सशक्त हृदयही पडद्यावर दुर्बळ ठरते. शरीरात रक्त तुंबल्याचा अंदाज घेण्यासाठी २०२० मध्ये मांडल्या गेलेल्या ‘वेक्सस’ पद्धतीत आधी हृदयाकडे रक्त नेणारी अधोमहाशिरा पाहतात. ती २ सेंटिमीटर किंवा अधिक रुंद असल्यास यकृत आणि मूत्रपिंड यांच्या शिरांतील प्रवाहाची वळणे तपासतात. यकृताकडे येणाऱ्या प्रतिहारी शिरेतील प्रवाह एरवी बराचसा अखंड असतो. तो हृदयाच्या ठोक्यांबरोबर ठळकपणे हेलकावू लागला, तर सलाइन देत राहण्यापूर्वी डॉक्टरने थांबून विचार करणे इष्ट असते.

भारतात या विषयाला कायद्याचीही बाजू आहे. गर्भलिंगनिदानाविरुद्ध देशात सर्वप्रथम कायदा १९८८ साली महाराष्ट्राने केला, तर केंद्रीय कायदा १९९४ चा आहे. सोनोग्राफी यंत्राची नोंदणी आणि त्याचा वापर यांवर त्यामुळे कडक निर्बंध आहेत, आणि खिशातले यंत्रही त्यांतून सुटत नाही. गर्भाशी संबंध नसलेल्या तपासण्यांसाठी यंत्र वॉर्डात आणू पाहणाऱ्या रुग्णालयालाही हे नियम पाळूनच प्रशिक्षणाची आखणी करावी लागते.

या प्रशिक्षणाचे यश किती विकार ओळखता आले एवढ्यावरच मोजता येत नाही. प्रतिमा धूसर असताना तिच्यावरून निष्कर्ष न काढता ‘उत्तर मिळाले नाही’ अशी स्पष्ट नोंद करणे आणि रुग्णाला सविस्तर तपासणीसाठी रेडिओलॉजिस्टकडे पाठवणे, हेही प्रशिक्षित फिजिशियनचे कर्तव्यच आहे. कारण चुकीच्या प्रतिमेतून मिळालेला दिलासा तपासणी न करण्यापेक्षा अधिक घातक ठरू शकतो.