बोधिधर्म पूर्वेस कां गेला?

दक्षिण कोरियांतील बे योंग-ग्युन या चित्रकारानें बौद्ध भिक्षूंच्या जीवनावर एक बोलपट तयार केला व तो १९८९ सालीं पडद्यावर आला. ‘बोधिधर्म पूर्वेस कां गेला?’ हें त्याचें नांव. कथालेखन, दिग्दर्शन, छायालेखन व संकलन हीं सारीं कामें त्यानें स्वतःच केलीं, व त्यांत त्याचीं कित्येक वर्षें गेलीं. त्याच सालीं स्वित्झर्लंडमधील लोकार्नो येथील महोत्सवांत या बोलपटास ‘सुवर्ण चित्ता’ हें सर्वोच्च पारितोषिक मिळालें.

बोधिधर्म हा हिंदुस्थानांतून चीनमध्यें गेलेला भिक्षु, अशी परंपरा आहे. त्याच्या ध्यानमार्गास चीनमध्यें छान, कोरियांत सोन व जपानांत झेन म्हणतात. हे तिन्ही शब्द आपल्या ‘ध्यान’ शब्दापासूनच निघाले आहेत. या पंथांत गुरु शिष्यास असा प्रश्न देतो कीं, ज्याचें उत्तर नुसत्या तर्कानें सांपडत नाहीं. बोलपटाचें नांव अशाच एका प्राचीन प्रश्नावरून घेतलें आहे.

डोंगरावरील एका एकाकी मठींत तिघे राहतात: वृद्ध गुरु ह्येगोक, तरुण भिक्षु किबोंग व हेजिन नांवाचा पोरका बालक. हेजिननें मारलेल्या दगडानें एक पक्षी जखमी होतो. मुलगा त्याची शुश्रूषा करितो, तरी पक्षी मरतो. त्याचा जोडीदार मात्र त्या जागेभोंवतीं घिरट्या घालीत राहतो. मरण म्हणजे काय, हें त्या मुलास कोणत्याही पोथीवांचून उमगूं लागतें.

किबोंगचें दुःख निराळें आहे. शांतीच्या शोधार्थ त्यानें घर सोडलें. परंतु मागें त्याची आंधळी आई राहिली आहे. सर्व प्राणिमात्रांवर दया करावयास निघालेल्यानें जन्मदात्रीसच निराधार टाकावें काय? आणि मन तिच्यापाशीं घुटमळत असतां डोंगरावर बसून ध्यान तरी कसें साधावें? आमच्या मतें हाच या बोलपटाचा गाभा होय.

गुरु निवर्तल्यावर त्यांच्या आज्ञेप्रमाणें किबोंग एकटाच त्यांचा देह अग्नीच्या स्वाधीन करितो; मग त्यांच्या चार वस्तु हेजिनच्या हातीं देऊन निघून जातो. त्याच्या मनांतील प्रश्नाचें तयार उत्तर दिग्दर्शक आपल्या हातीं ठेवीत नाहीं.

या बोलपटांत संभाषणें थोडीं व गति संथ. म्हणून तो धीरानेंच पाहिला पाहिजे. आईबापांनीं तो मोठ्या मुलांसमवेत पाहावा, व किबोंगनें काय करावयास हवें होतें, हें त्यांस विचारावें. मुलांचीं उत्तरें एकमेकांशीं जुळलीं नाहींत, तरी त्यांस विचार करावयास लावण्याचें काम झालें, असेंच आम्ही समजूं.