जुन्या हेरल्डची मागची चाके : आधी दोरी, मग खर्च

जुनी गाडी बाळगणे हा काही फायद्याचा सौदा नव्हे. पण एकदा बाळगली की तिचा हिशोब ठेवावाच लागतो. आमच्याकडे स्टँडर्ड हेरल्ड आहे. ही गाडी 1961 ते 1971 या काळात मद्रासला तयार होत असे. 1962 साली इंग्लंडात निघालेल्या ट्रायम्फ स्पिटफायर या स्पोर्ट्स कारची मागची बांधणी हिच्याच धर्तीची होती.

या गाड्यांना मागे अखंड अ‍ॅक्सल नसतो. डिफरन्शियलपासून दोन्ही बाजूंना अर्धे अ‍ॅक्सल निघतात आणि वर एकच आडवा पाटा असतो. पाटा बसला की चाकांचे माथे आत झुकतात. मागची बाजू फार उंच राहिली, तर वळणावर चाक पोटाखाली दुमडण्याची भीती असते. कात्रजच्या घाटात हा मामला जिवावर बेतू शकतो. स्पिटफायरमध्ये 1970 साली पाट्याची रचना बदलली गेली, ती हा दोष कमी करण्यासाठीच.

आमचे मागचे डावे टायर आतून झिजू लागले. मिस्त्री म्हणाला, पाटा बदला. नाना पेठेत पाटा शोधण्याआधी आम्ही माप घ्यायचे ठरवले.

रीत सोपी आहे. टायरमध्ये हवा सारखी भरावी. गाडी सपाट जागी, नेहमीच्या वजनासह उभी करावी. जॅकवरून उतरवल्याबरोबर मापू नये; चाके आत दुमडलेली राहतात. आधी गाडी थोडी पुढे-मागे ढकलावी. मग दोन्ही बाजूंना चाकाच्या मध्याच्या उंचीवर दोरी ताणावी. पुढच्या दोन्ही हबांपासून अंतर सारखे, मागच्या दोन्हींपासूनही सारखे हवे. आता मागच्या रिमच्या पुढच्या व मागच्या कडेपासून दोरीपर्यंत मोजावे. शेवटी पुढच्या-मागच्या चाकांतील अंतर पाहावे. हेरल्डचे ते 91.5 इंच असून दोन्ही बाजूंना सारखेच भरले पाहिजे.

आमचे डावे चाक मागे सरकून त्याचे तोंड बाहेर वळले होते. पाटा शाबूत होता. चाकाला पुढून धरणाऱ्या दांडीचे रबरी बुश खलास झाले होते. बुश बदलले, दांडीच्या ब्रॅकेटमागच्या पातळ पट्ट्या कमी-जास्त करून चाक सरळ केले आणि पुन्हा मोजले.

कापड आम्ही गजाने मोजल्याशिवाय फाडत नाही. वाचकहो, गाडीलाही तोच कायदा लावावा.