खर्ड्याच्या रस्त्यावर डांबर पडताना

खर्ड्यात किल्ल्याच्या अंगाला रस्त्याचं काम चालू होतं. दुपारभर मी तिथेच उभा राहिलो. आधी टॅक कोटचा, म्हणजे नवा थर खालच्याला चिकटवणाऱ्या लेपाचा, फवारा पडला. पडताना तो चहासारखा तपकिरी होता, उन्हात थोड्या वेळाने काळा झाला. ते इमल्शन, म्हणजे पाण्यात तरंगणारे डांबराचे बारीक थेंब. पाणी सुटलं की थेंब एकमेकांना धरतात.

मग डंपर आला. ताडपत्री काढताच वाफ आणि उग्र वास. प्लँटवर 150 अंशांच्या आसपास तापवलेली डांबर-खडी ती पसरणाऱ्या पेव्हर यंत्रात ओतली गेली. रोलरच्या चाकांवर सतत पाणी पडतं, त्यामुळे माल चिकटत नाही. फावड्यांवर मात्र मजूर डिझेलचा बोळा फिरवत होते. हातही डिझेलनेच धुतात. त्याने कातडीची सालटी निघतात; या माणसांना हातमोजे मिळायलाच हवेत.

पाण्याला न जुमानणारं डांबर डिझेलमध्ये विरघळतं, कारण दोघं एकाच कच्च्या तेलातून निघालेली. कच्चं तेल म्हणजे असंख्य हायड्रोकार्बनचं मिश्रण. रिफायनरीत ते तापवून उकळण्याच्या तापमानाप्रमाणे वेगळं करतात. स्वयंपाकाच्या गॅसमध्ये बहुतेक 3-4 कार्बनचे रेणू, पेट्रोलमध्ये साधारण 5 ते 12, डिझेलमध्ये त्याहून लांब. हवेचा दाब अगदी कमी करूनही जे उकळत नाही ते तळाशी उरतं. रस्त्यावर येतं ते हेच. 1974 मध्ये सापडलेल्या मुंबई हायचं तेल हलकं, त्यात असा गाळ कमी. जड तेलात तो भरपूर. त्रिनिदादमध्ये तर तेलातला हलका भाग उडून जाऊन डांबराचं नैसर्गिक तळंच झालं आहे.

कोळशापासूनचं डांबर दिसायला असंच, पण त्याचं कूळ वेगळं. दगडी कोळसा जमिनीवरच्या वनस्पतींचा, तेल मुख्यतः समुद्रातल्या सूक्ष्म जीवांचं. कोळसा हवेशिवाय तापवून काढलेल्या त्या डांबरात कर्करोगकारक द्रव्यं कितीतरी जास्त असतात.

खडी मात्र आपल्याच दख्खनची, साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाची. त्या तापलेल्या रसात तेल होण्याजोगं काही नव्हतं.

काम आटोपत आलं तसा मुकादम ओरडला, "गाडी हलीव रं तिथनं, डिझेल गळतंय!" डंपर पुढे सरकला. थेंब पडले होते तिथली खडी बोटाने सुटून येत होती. मजुरांनी तेवढा तुकडा खरवडून काढला आणि नवा माल टाकला.