बदली : सेवापुस्तकातून संगणकात

आपल्या सीमाभागातील पुष्कळ घरांत ‘बदली’ हा शब्द लहानपणापासून कानी पडतो. वडिलांची बदली झाली की शाळा बदलते, शेजार बदलतो आणि कित्येकदा शिक्षणाचे माध्यमही बदलते. तथापि माणसासमवेत त्याच्या नोकरीची नोंदही प्रवास करीत असते, इकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. ही नोंद वाटेत चुकली, तर तिचा परिणाम वेतनावर, वार्षिक वेतनवाढीवर आणि अखेर म्हातारपणीच्या निवृत्तिवेतनावर होतो. पूर्वी ती सेवापुस्तकात शाईने होत असे. आता ती संगणकातही भरावी लागते. कर्नाटक सरकारच्या नोकरांची वेतनपत्रके ‘एच.आर.एम.एस.’ या प्रणालीतून निघतात, तर सीमेपलीकडे महाराष्ट्रात शिक्षकांसाठी ‘शालार्थ’ आहे. यंत्र नवे असले, तरी प्रश्न आपल्या भागाला जुनाच आहे.

सामान्य बदलीत माणूस हलतो आणि सरकार जागेवर असते. दि. १ नोव्हेंबर १९५६ रोजी आपल्याकडे नेमके उलटे घडले. राज्य पुनर्रचना कायद्यान्वये चंदगड तालुका वगळून उरलेला बेळगाव जिल्हा, तसेच विजापूर, धारवाड व उत्तर कानडा हे जिल्हे मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेले. कचेरीतील कारकून त्याच टेबलाशी बसलेला, मात्र त्याचा धनी बदलला! नव्या राज्यात जुने म्हैसूर, मुंबई, हैदराबाद, मद्रास आणि कूर्ग अशा पाच ठिकाणचे सेवक एकत्र आले. तालुक्याच्या ज्या अधिकाऱ्यास मुंबई राज्यात मामलेदार म्हणत, तो हैदराबादेकडे व मद्रासेकडे तहसीलदार, आणि जुन्या म्हैसुरात अमलदार होता. या सर्वांना एका ज्येष्ठता-यादीत बसवावयाचे, तर कोणते पद कोणत्या पदाशी तुल्य, हे आधी ठरविणे प्राप्त होते. मे १९५६ मध्ये मुंबईस भरलेल्या मुख्य सचिवांच्या परिषदेत त्यासाठी चार कसोट्या पुढे आल्या : कामाचे स्वरूप, अधिकार व जबाबदारी, किमान पात्रता आणि वेतन. केंद्र सरकारच्या पूर्वसंमतीवाचून सेवाशर्ती सेवकाच्या अहिताच्या दिशेने बदलू नयेत, असे बंधनही कायद्याच्या ११५ व्या कलमात घातले गेले. एवढे करूनही वाद मिटले नाहीत. मद्रासेकडून आलेल्या दक्षिण कानड्यातील एका सेवकाचे प्रकरण १९६४ मध्ये सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोहोचले होते.

आज एका प्रणालीतील माहिती दुसरीत भरताना प्रथम करावयाचे ते हेच तुल्यता-कोष्टक. जुन्या यादीतील प्रत्येक पदापुढे व कचेरीपुढे नव्या यादीतील जोड लिहावी. ज्याला जोड सापडत नाही, ते पद अंदाजाने कोठेतरी ढकलू नये, अधिकाऱ्यास विचारावे.

दुसरी गोष्ट क्रमाची. आधी कचेऱ्या, मग त्यांतील पदे, मग माणसे, आणि शेवटी त्यांच्या बदल्या, त्याही जुन्यापासून नव्याकडे. खानापूरची कचेरीच यादीत नसेल, तर तेथे बदलून गेलेल्या माणसास संगणक स्वीकारावयाचा नाही. बिचाऱ्याचा त्यात काही दोष नसतो.

आता मुख्य मुद्दा. समजा, निपाणीचा एक लिपिक ३१ मे रोजी कचेरी सुटताना कार्यमुक्त झाला आणि ६ जूनला सकाळी खानापुरास रुजू झाला. घाईत काम करणारा निपाणी हे नाव खोडून तेथे खानापूर लिहितो, आणि मागील सारी सेवा खानापुरातच झाली असे दिसू लागते. दुसरा त्याहून शहाणा निघतो. तो निपाणीची नोंद ‘सेवा समाप्त’ म्हणून मिटवून खानापुरास नवी नेमणूक दाखवितो. वीस वर्षांची नोकरी एका कळीसरशी नाहीशी! योग्य रीत अशी की, कर्मचारी क्रमांक तोच ठेवावा, निपाणीच्या ओळीस ३१ मे ही अखेरची तारीख द्यावी, आणि खानापूरची ओळ ६ जूनपासून सुरू करावी. मधले पाच दिवस रिकामे सोडू नयेत. ते ‘रुजू होण्याचा अवधी’ म्हणून नोंदवावेत, नाहीतर सेवेत खंड पडल्याचा भास होतो. जुनी ओळ पुसावयाची नाही, मिटवावयाची, हे कोणाही जुन्या हेडक्लार्कास संगणकावाचून ठाऊक होते.

नावांचा घोळ हा तर आपल्या भागाचा खास वारसा. आमच्या घरी कोंकणी, शाळेत मराठी, कचेरीत कन्नड आणि बँकेत इंग्रजी, तेव्हा एकाच माणसाचे नाव चार प्रकारे लिहिले गेल्यास नवल नाही. गावांचेही तसेच : निपाणी आणि निप्पाणी, बेळगाव आणि २०१४ पासून सरकारी कागदोपत्री बेळगावी. यास्तव नावावरून माणूस जुळवू नये. क्रमांक व जन्मतारीख यांवरून जुळवावा आणि नाव केवळ पडताळ्यासाठी पाहावे.

भरणी संपल्यावर गणित मांडावे. निपाणीतून जितके गेले तितके अन्यत्र दाखल झाले काय? कोणी दोन्हीकडे तर दिसत नाही ना? दोन्हीकडे दिसणारा दोनदा वेतन घेतो, कोठेच न दिसणाऱ्याची चूल महिनाअखेर थंडावते. त्यानंतर प्रत्येकाच्या हाती त्याच्या नोंदीचा छापील उतारा द्यावा. तो सेवापुस्तकाशी ताडून त्याने सही केली, म्हणजे मगच नव्या कचेरीचे पहिले वेतनपत्रक काढावे.