सूर्य फुकट, घाम नव्हे

हिंगोली जिल्ह्याच्या वसमत तालुक्यातील हट्टा आणि आसपासच्या गावांत विजेचा विषय निघाला की बोलणे हमखास रात्रीच्या पाळीवर येते. हळद, ऊस, केळी ही सगळी पाण्याची पिके. पाणी विहिरीत असते, पण वीज येते अपरात्री. मग बॅटरी आणि काठी घेऊन शेतकऱ्याने बांधावर जायचे, साप-विंचवाला चुकवत मोटार सुरू करायची आणि पहाटेपर्यंत दारे धरायची. वसमतच्या हळदीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, पण त्या पिवळ्या सोन्यामागे अशी कितीतरी जागरणे आहेत.

साहजिकच, दिवसा वीज देणारी कोणतीही योजना गावाला आपली वाटते. 'मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना' ही त्यातलीच एक. ती २०१७ मध्ये सुरू झाली आणि २०२३ पासून तिचा दुसरा टप्पा चालू आहे. वीज उपकेंद्राच्या जवळपास जमीन घ्यायची, तिच्यावर सौर पॅनेल उभारायची आणि तिथली वीज थेट शेतीच्या वाहिनीवर सोडायची, अशी ही सुटसुटीत कल्पना आहे. दुसऱ्या टप्प्यातील पहिला प्रकल्प वैजापूर तालुक्यातील धोंदलगावला २०२४ मध्ये सुरू झाला. तो होता ३ मेगावॅटचा, तर साऱ्या राज्याचे उद्दिष्ट सुमारे १६ हजार मेगावॅटचे आहे. म्हणजे हे काम एका-दोन गावांचे नाही, गावोगावचे आहे.

योजना चांगली आहे, याबद्दल वाद नाही. प्रश्न आहे तो ती उभी करणाऱ्या हातांचा.

कागदावर कोण आणि तोंडी कोण?

या योजनेत कोणाला काय मिळणार, हे किती काटेकोरपणे लिहिलेले आहे पाहा. खासगी जमीन दिली तर मालकाला हेक्टरी वर्षाला सव्वा लाख रुपये भाडे. प्रकल्प उभा राहिला की ग्रामपंचायतीला वर्षाला ५ लाख, असे तीन वर्षे. वीज विकत घेण्याचा करार २५ वर्षांचा, युनिटचा दर ठरलेला. केंद्राच्या 'कुसुम' योजनेतून मेगावॅटमागे १ कोटी ५ लाखांपर्यंत साहाय्य. जमीन, पंचायत, कंपनी, बँक, प्रत्येकाचा हिशेब कागदावर आहे.

आणि खांबांसाठी खड्डे घेणारा, काँक्रीट ओतणारा, पंचवीस-तीस किलोचे पॅनेल उचलून सांगाड्यावर चढवणारा, केबलची चारी खोदणारा? त्याचा हिशेब बहुतेक वेळा गुत्तेदाराच्या वहीत असतो, नाहीतर नुसताच तोंडी. कंपनी काम मोठ्या गुत्तेदाराला देते, तो छोट्याला देतो, छोटा मुकादमाला सांगतो. रुपया जसजसा खाली उतरतो तसतसा झिजत जातो. मराठवाड्याला हे नवे नाही. उचल घेऊन ऊसतोडीला जाणाऱ्या जोडप्याला आपण 'कोयता' म्हणतो. म्हणजे हिशेबात माणूस मोजतच नाही, हत्यार मोजतो! तीच रीत सूर्याच्या वीजघरातही शिरली, तर ती वीज 'स्वच्छ' कशी म्हणावी?

न्यायालयाने आधीच सांगितले आहे

सरकारी पैशातून होणाऱ्या कामावर मजुराचे काय, हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापुढे १९८२ मध्येच आला होता. दिल्लीत आशियाई स्पर्धांची बांधकामे चालू होती. मजुराचा किमान रोज होता सव्वानऊ रुपये. पण तो जमादाराच्या हातून जायचा आणि जमादार रुपया कापून घ्यायचा. 'माणसे गुत्तेदाराची आहेत' असे म्हणून सरकारला हात झटकता येणार नाहीत, असे न्यायमूर्ती भगवती यांच्या खंडपीठाने बजावले. किमान वेतनापेक्षा कमी पैशांत काम करून घेणे ही राज्यघटनेच्या २३ व्या कलमाखालील वेठबिगारीच ठरते, असेही सांगितले.

पुढच्याच वर्षी, १९८३ मध्ये, सलालचा निकाल आला. जम्मूत चिनाब नदीवर जलविद्युत प्रकल्प चालू होता आणि मजूर ओडिशासारख्या दूरच्या राज्यांतून आणलेले होते. मजुरी पूर्ण आणि थेट मजुराच्या हातात पडली पाहिजे, मधल्याने कापता कामा नये आणि बांधकामावर लहान मुले नकोत, असे न्यायालयाने सांगितले. सलाल ही पाण्यावरची वीज, आपली उन्हावरची. घाम मात्र एकच.

आपल्या राज्याने तर याहून जुना धडा घालून दिला आहे. १९७२ च्या दुष्काळानंतर आलेल्या आणि १९७७ मध्ये कायद्याचे रूप घेतलेल्या रोजगार हमी योजनेत मस्टर होते, स्त्री-पुरुषांना समान मजुरी होती. कामाच्या जागी पिण्याचे पाणी, सावली आणि तान्ह्या मुलांसाठी सोय करायची होती. अंमलबजावणीत खोट राहिली असेल, पण निदान मागायला आधार होता.

आज हाताशी काय आहे?

बांधकाम मजुरांसाठीच्या १९९६ च्या कायद्याने इमारती-रस्त्यांबरोबर वीजनिर्मिती, वहन आणि वितरणाची कामेही बांधकामातच धरली. म्हणजे सौर प्रकल्पावर राबणारा हाही बांधकाम कामगारच. कल्याणकारी मंडळाची भांडी आणि पेट्या गावोगाव पोचल्यामुळे मंडळ सर्वांना ठाऊक आहे. पण तो पैसा येतो कुठून? बांधकाम खर्चावरच्या १ टक्का उपकरातून. ती खिरापत नव्हे, कामाच्या किमतीतच धरलेला मजुराचा वाटा आहे. त्यासाठी नोंदणी हवी आणि नोंदणीला वर्षात ९० दिवस काम केल्याचा दाखला. इथेच घोडे पेंड खाते, कारण गुत्तेदार दाखल्यावर सही करायला कचरतो.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून देशात चार नव्या श्रमसंहिता लागू झाल्या आणि जुने कायदे त्यांत सामावले गेले. त्यातील काही गोष्टी घरी लिहून ठेवण्याजोग्या आहेत. किमान वेतनाला मजुरांच्या संख्येची अट नाही. रोजंदारीची मजुरी पाळी संपताच, आठवड्याची आठवड्याच्या शेवटच्या दिवशी आणि महिन्याची पुढच्या ७ तारखेच्या आत मिळाली पाहिजे. काम सुटले तर दोन कामाच्या दिवसांत हिशेब चुकता व्हायला हवा. जादा वेळेचा दर दुप्पट. नेमणुकीचे पत्र द्यायचे. गुत्तेदाराने मजुरी बुडवली तर ती मूळ मालकाने भरायची. उणीव अशी, की कंत्राटी कामगारांबाबतच्या तरतुदी ५० किंवा अधिक मजूर असतील तेव्हाच लागू होतात. काम लहान लहान गुत्त्यांत फोडले की पळवाट तयार!

धोकाही ध्यानात घ्यायला हवा. पॅनेलवर ऊन पडले की त्यात वीज तयार होतेच, ती बटण दाबून थांबत नाही. म्हणून हातमोजे, बूट आणि शिकवलेला वायरमन ही चैन नव्हे. मे महिन्यात पारा बेचाळीसच्या वर गेला असता तापल्या सांगाड्यावर दुपारी काम करायचे की सकाळ-संध्याकाळ, हेही गुत्तेदाराच्या मर्जीवर सोडता येत नाही.

करारातच का नको?

अडचण अशी आहे, की इथे मालक थेट सरकार नाही. मध्ये कंपनी आहे. त्यामुळे मजुराच्या हक्कांची अट करारातच घालावी लागेल. अमेरिकेत १९३१ पासून सरकारी बांधकामावर त्या भागातला प्रचलित रोज देणे बंधनकारक आहे. २०२२ मध्ये त्यांनी स्वच्छ ऊर्जेला तेच तत्त्व लावले. मोठ्या प्रकल्पाने प्रचलित रोज दिला आणि शिकाऊ उमेदवार घेतले तर करसवलत ३० टक्के, नाहीतर फक्त ६. पुढे २०२५ मध्ये तिथे सौर-पवनच्या सवलतीच आखडत्या घेतल्या गेल्या. पण धडा राहतोच. जनतेचा पैसा हवा, तर जनतेची अट पाळा.

याने वीज महागेल, अशी भीती घातली जाईल. पण अशा प्रकल्पात मोठा खर्च पॅनेल आणि यंत्रसामग्रीचा असतो. मजुरी हा त्यातला लहान भाग आहे. शेतकऱ्याची स्वस्त वीज मजुराच्या कापलेल्या रोजावर उभी राहायची गरज नाही. शिवाय हट्ट्यासारख्या गावात शेतकरी आणि मजूर ही दोन वेगळी घरे तरी कुठे असतात? थोरला भाऊ दीड एकर कसतो, तर धाकटा गुत्त्यावर जातो.

ग्रामपंचायतीला वर्षाला ५ लाख मिळणार आहेत, तेव्हा तिला विचारण्याचा अधिकारही आहे. फाटकावर रोजाचा दर, कामाचे तास आणि मूळ कंपनीचे नाव लिहिलेली पाटी लावा, मजुरी बँकेत जमा करा, ९० दिवसांचा दाखला न मागता द्या, एवढा ठराव ग्रामसभेने काम सुरू होण्यापूर्वी करावा. त्याला खर्च येतो एका पाटीचा आणि एका कागदाचा. कोनशिलेवर नाव नसले तरी चालेल, मस्टरवर मात्र ते असलेच पाहिजे.