हुडाची मागची काच

कापडी हुडाच्या बऱ्याच गाड्यांना मागे काच नसते. असते पारदर्शक पीव्हीसी प्लॅस्टिक. हूड दुमडायचा तर तेही दुमडले पाहिजे. त्याला मऊ ठेवणारा तेलकट अंश उन्हाने हळूहळू उडतो. मग ते कडक होते आणि थंडीतल्या पहाटे घाईने हूड उतरवला, की घडीवर तडकते. १९८९ साली आलेल्या माझदा मियाटाची ही खिडकी हूड उतरवण्याआधी चेन उघडून मोकळी करता येई, ती यासाठीच.

तडा दिसला की आपला हात आधी सुईदोऱ्याकडे जातो. मंडळी, तो आवरा. सुईच्या भोकांची रांग म्हणजे तड्याला आखून दिलेली वाट! त्याऐवजी तड्याच्या दोन्ही टोकांना बारीक गोल भोक पाडा. ताण गोलाईवर विभागतो, तडा पुढे सरकत नाही. मग साबणाच्या पाण्याने पुसून, कोरडे करून, आतून-बाहेरून पारदर्शक चिकटपट्टी लावा. थिनर मात्र लावू नका, प्लॅस्टिक धुरकटते.

ही डागडुजी मी तात्पुरतीच मानतो. पावसात, रात्री घाटात मागून ट्रक आला, तर धुरकट प्लॅस्टिकवर नुसता उजेड पसरतो, अंतर कळत नाही. हूड शिवणाऱ्याकडून नवा तुकडा बसवून घ्यावा. जुना उसवलेला तुकडा त्याला मापासाठी द्यावा.